पाडव्यापर्यंत हिवाळा

परवा व्हिडिओ कॉलवर ईशान मला म्हणाला, "आजी, दोन मिनिटं थांब, मी प्रोसेसर ओव्हरक्लॉक करतोय. तुला नाही कळणार ते." मग रेवानं मोठ्या प्रेमानं समजावून सांगितलं, की कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त वेगानं पळवायचा, त्याला ओव्हरक्लॉक म्हणतात. मी मान डोलावली. बाळांनो, मला ते कळतं. तुमच्या जन्माच्या आधीपासून कळतं. मेमरीचा वेग किती ठेवलास, असं मी विचारणारच होते, पण तुम्हांला जेवायला हाक आली आणि राहून गेलं. म्हणून आता सावकाश लिहिते. ज्या माणसानं मला हे सगळं शिकवलं, त्याच्याबद्दल तुमच्या आईनं तुम्हांला फारसं सांगितलं नसेल. त्या आठवड्याची आठवण काढली की आपल्याला अजून घाम फुटतो, असं ती म्हणते.

ते आमचे घरमालक होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. गल्ली त्यांना साहेब म्हणायची, मीही साहेबच म्हणायची, आणि तुमची आई काका म्हणायची. आमचा स्वतःचा फ्लॅट तेव्हा बांधून होत होता, म्हणजे खरं तर होत नव्हता. बिल्डर दर दिवाळीला पुढच्या दिवाळीचा वायदा द्यायचा. तोवर आम्ही साहेबांच्या घरात खालच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. वर ते आणि काकू.

छत्रपती संभाजीनगरला आम्ही तेव्हा औरंगाबाद म्हणायचो, आणि हे औरंगाबाद त्या काळी दक्षिणेकडं नुसतं पळत सुटलं होतं. बीड बायपासच्या पलीकडं सातारा परिसरात आदल्या वर्षापर्यंत जिथं ज्वारी उभी असायची, तिथं चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडले होते. घरं झाली, दुकानं झाली, इंग्रजी शाळासुद्धा झाली. फक्त महापालिकेचं पाणी बायपास ओलांडायला तयार नव्हतं. त्यात पाऊस एकामागून एक वर्षं पाठ फिरवून गेलेला. बोअरमधून नुसती हवा यायची. टँकर आला की गल्लीतली सगळी माणसं, डॉक्टर आणि वकीलसुद्धा, पाइप धरून उभी असायची.

अशा गल्लीत साहेबांचा दिवस टाकीपासून सुरू व्हायचा. गच्चीवरच्या टाकीवर ते बोटाच्या पेरानं वरून खाली टकटक करत यायचे आणि आवाज बदलला की तिथंच थांबून खाली ओरडायचे, "ढेरीपतूर हाय! आज धुणं नाय!" टाकीच्या ढेरीपर्यंत पाणी आहे, असा त्याचा अर्थ. अंगात पांढरा बुशशर्ट, एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर. कपाळावरचा चष्मा कशासाठी, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "नाकावरचा हुडकायला." हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मला हसताही येईना.

कुलरवर त्यांचा दात होता. घर भाड्यानं देतानाच त्यांनी सांगितलं होतं, "बाई, बाकी काय बी करा. पाहुणे ठेवा, मांजर पाळा, रेडिओ मोठ्यानं लावा. पर कुलर लावायचा नाय. प्यायचं पाणी हवेला पाजायचं, ह्याला काय अर्थ हाय?" आणि हा नियम फक्त भाडेकरूंसाठी नव्हता. त्यांच्या माजघरात जुना कुलर होता, त्यात काकूंनी कांदे भरून ठेवले होते.

पुढं एकदाचा आमचा फ्लॅट झाला, तेव्हा साहेब वास्तुशांतीला आले. सत्यनारायणाला नमस्कार करण्याच्या आधी न्हाणीघरात गेले, एक तांब्या पाणी फरशीवर ओतलं आणि ते कुठं जातं ते उकिडवे बसून पाहत राहिले. पाणी जाळीकडं न जाता दाराकडं आलं. बाहेर येऊन तुमच्या आजोबांना म्हणाले, "बाकी घर झ्याक हाय." एवढंच. पुढं पंधरा वर्षं मी त्या न्हाणीघरात वायपर मारताना रोज त्यांची आठवण काढली.

आता ते नाहीत. पण मला त्यांच्या कॉम्प्युटरबद्दल लिहायचं आहे.

वरच्या मजल्यावर उत्तरेकडच्या खोलीत तो असायचा. साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तो घेतला होता, आणि मी पाहिला तेव्हाच तो जुनापुराणा झालेला होता. त्याच्या डब्याच्या एका बाजूचा पत्रा कायमचा काढून ठेवलेला, आणि त्या उघड्या अंगाला समोरून टेबलफॅन लावलेला. प्रोसेसरला ते "म्हातारा" म्हणत. सुरुवातीला म्हाताऱ्याचा ताप बघायला त्यांनी घरातलं ताप बघायचं थर्मामीटर लावलं होतं. ते अर्थातच फुटलं. मग कुठल्याशा शाळेच्या प्रयोगशाळेतून लांब काचेची नळी मिळवून ती त्यांनी आत दोऱ्यानं बांधली. तुमचे आजोबा बँकेत निघताना जिन्यातून हाक मारायचे, "साहेब, पेशंट कसा आहे?" वरून आकडा यायचा.

पुण्याला असलेला त्यांचा मुलगा दर सुट्टीत नवा कॉम्प्युटर आणायची भाषा करी. साहेबांचं ठरलेलं उत्तर होतं, "हाय तोच अजून पुरता वापरला नाय मी."

एकदा औरंगपुऱ्यात मी पुस्तकांच्या दुकानातून बाहेर पडले, तर शेजारच्या कॉम्प्युटरच्या दुकानात साहेब उभे. जुनी मेमरी विकत घ्यायला आले होते. ईशानला माहीत आहे, रेवासाठी सांगते: मेमरी म्हणजे बोटभर रुंद हिरवी पट्टी असते आणि ती आत खाचेत बसते. दुकानदार कंटाळून म्हणाला, "साब, ये माल अब कोई पूछता बी नै. इसकू भंगार में डालो, नवा लेलो."

साहेबांनी नाकावरचा चष्मा नीट केला. "भंगार में तो मेरेकू बी डाले सरकार ने. फिर बी चलरा ना मैं?"

दुकानदार हसला आणि त्यानं आतून पट्ट्यांचा डबा काढला. साहेबांनी त्यांतल्या सगळ्या पाहून एक निवडली.

एवढा वेग त्यांना कशाला हवा होता? तर कालव्यासाठी. त्यांची सगळी नोकरी कालव्यांवर गेली. त्यांतल्या एका कालव्याच्या शेपटाकडच्या गावांना कधीही पुरेसं पाणी पोचलं नाही, आणि ती गोष्ट निवृत्तीनंतरही त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. कुठलं दार किती तास उघडं ठेवलं तर शेवटच्या गावापर्यंत पाणी जाईल, याचं गणित ते म्हाताऱ्याला घालत. एकेक गणित दिवसदिवस चाले. कुणी मागितलेलं नव्हतं ते. त्या वर्षी तर त्या कालव्यात थेंबही नव्हता, पोरं त्यात क्रिकेट खेळत होती. काकू म्हणायच्या, "पाणी नसलेल्या कालव्याची पाळी ठरवतंय आमचं येडं." साहेब म्हणायचे, "पाणी आल्यावर ठरवाय बसलो तर येळ हाय का?"

मेमरीचं प्रकरण त्यांनी मुक्ताला, म्हणजे तुमच्या आईला, समजावून सांगितलं तेव्हा मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. कोपऱ्यात धुळीनं भरलेलं एक पोतं पडलं होतं. साहेबांनी ते पसरून त्यावर बोटानं रेघ ओढली.

"ह्यो मुख्य कालवा. म्हंजी प्रोसेसर. आन् ही शेतात जाणारी चारी. म्हंजी मेमरी. दोन्ही एकाच ठोक्यावर चालत्यात. तू ठोका वाढवला की दोन्हीकडं जोर वाढतो. कालवा दगडाचा हाय, त्यो सोसतो. चारी मातीची. ती फुटती."

"मग?" मुक्तानं विचारलं.

"मग आधी चारीचं दार खाली घ्यायचं. मेमरीचा वेग कमी करायचा, आन् मगच म्हाताऱ्याला पळवायचं. लोक उलटं करत्यात. आधी पळवत्यात, मग रडत्यात."

थंडीत मात्र ते चारीचं दारही वर घेत. थंडीत मेमरी जास्त सोसते, असा त्यांचा अनुभव होता. त्यांची दोन मापं ठरलेली होती, एक रब्बीचं आणि एक उन्हाळी. दसऱ्याला आपटा वाटून झाला की ते वर जाऊन मेमरी रब्बीच्या मापावर चढवत, आणि पाडव्याला गुढी उभारून झाली की उन्हाळी मापावर उतरवत. सणाला घरातली बाकी माणसं देवापुढं बसलेली असताना साहेब कॉम्प्युटरच्या निळ्या पडद्यापुढं बसलेले असायचे. यात कधी खंड पडला नाही. मला शिस्त आवडते, त्यामुळं ही पद्धत मला त्या वेळी फार पटली होती.

मुक्ता तेव्हा आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. शेवटचा प्रकल्प म्हणून तिनं कन्नडचं एसटी स्टँड नव्यानं आखलं होतं. साहेब मूळचे कन्नडकडचे. त्यामुळं हे स्टँड आपल्याच मालकीचं आहे, अशा थाटात ते तिचे नकाशे तपासत. "मुतारी हितं? वाऱ्याचा काय इचार केला का नाय?" मुक्ता चिडायची आणि गुपचूप बदल करायची.

नकाशांसोबत एक छोटी फिल्म द्यायची होती. स्टँडच्या फाटकातून आत शिरलेला माणूस फलाटापर्यंत चालत जाताना त्याला काय काय दिसेल, याची. आज तुम्ही अशा गोष्टी चहा होईपर्यंत करता. तेव्हा त्या फिल्मचं एकेक चित्र कॉम्प्युटरला स्वतंत्र काढावं लागे, एकेका चित्राला काही मिनिटं लागत, आणि चित्रं तर शेकडो. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर अख्ख्या वर्गाचे नंबर लागलेले. फिल्म वेळेत दिली नाही तर प्रकल्प अपुरा धरणार आणि वर्ष जाणार, हे सरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि वर्ष गेलं असतं तर परदेशातल्या विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी मिळालेली जागाही गेली असती. ती जागा मिळवायला मुक्तानं काय कष्ट घेतले होते, ते मी पाहिलं होतं.

जिन्यात बसून ती हे सगळं मला सांगत होती. वरून साहेबांचा आवाज आला, "रडती कामून? माझ्या म्हाताऱ्यावर कर की."

पाडव्याला पाच दिवस होते, आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी फिल्म द्यायची होती. साहेबांनी कालव्याचं चालू गणित मध्येच थांबवलं. हे पाहून काकू दारात येऊन म्हणाल्या, "आगं बया! कालव्याला सुट्टी?"

भारनियमनामुळं सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी चार ते सात वीज नसायची. उरलेल्या वेळात म्हातारा चित्रं काढत राहिला. एक चित्र झालं की ते साठवून ठेवायचं आणि पुढचं घ्यायचं, हे तो आपोआप करी. मुक्ता उरलेले नकाशे शाईनं पुरे करत होती. दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी वीज आल्यावर तिनं सहज म्हणून झालेली चित्रं उघडून पाहिली, आणि वरून अशी किंचाळली, की मी हातातलं पातेलं तसंच घेऊन जिना चढले.

स्टँडच्या भिंतीला देवी आल्या होत्या. काळे, हिरवे, जांभळे ठिपके. पुढच्या एका चित्रात फलाटाच्या खांबातून एक सुळका निघून थेट आभाळात गेला होता.

साहेबांनी पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "तुझ्या नकाशात चूक आसंल. मशीन माझी तपासलेली हाय."

"काका, नकाशात सुळका नाहीये!"

"परत बग."

तिनं परत पाहिलं. मग तिनं एक शहाणपणाचं काम केलं. एकच चित्र म्हाताऱ्याला दोनदा काढायला लावलं. नकाशात चूक असती तर ठिपके दोन्ही वेळा त्याच जागी आले असते. पहिल्यात ते तिकीटखिडकीवर होते, दुसऱ्यात छपरावर.

साहेब खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी फक्त म्हाताऱ्याचा वेग थोडा उतरवला. ठिपके आलेच. आणखी उतरवला. तरी आले. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. सगळ्या गल्लीला ज्या म्हाताऱ्याची फुशारकी सांगितली, तो त्यांच्या डोळ्यांदेखत असा खुळावला होता.

तुमचे आजोबा त्या दिवशी घरी होते. ते म्हणाले, "साहेब, माझ्या आंघोळीचं पाणी घ्या. दोन दिवस नाही केली तर बँक बंद पडत नाही. कुलर लावा या खोलीत."

साहेबांनी मान हलवली. "नाय. ते प्यायचं पाणी हाय."

"काका, माझं वर्ष जाईल हो!" मुक्ता रडायला लागली.

"जाणार नाय," ते म्हणाले. पण कसं जाणार नाही, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते आम्हां सगळ्यांना दिसत होतं.

काकू उंबऱ्यावर बसून सुपात गहू निवडत होत्या. त्यांनी मुक्ताला विचारलं, "समदीच चित्रं बिघडली व्हय गं?"

मुक्तानं डोळे पुसून पाहिलं. रात्रीची चित्रं स्वच्छ होती. दुपारी काढलेलीच बिघडली होती.

"मग त्यात काय नवल?" काकू म्हणाल्या. "ह्या उन्हात मानूस बी दुपारचं काय बी बरळतंय. आवं, अजून थंडीचंच माप हाय न्हवं तुमचं?"

"पाडव्याला उतरवायचं असतंय ते," साहेब म्हणाले.

"पाडवा औंदा उशिरा हाय. ऊन काय पंचांग बगून पडतंय का?"

साहेबांनी मशीन बंद केलं, आत हात घातला आणि मेमरीच्या पट्टीला बोट लावलं. लगेच मागं घेतलं. दुष्काळाचं साल, ऊन होळीच्या आधीपासूनच पेटलेलं, आणि साहेब आपल्या नियमाप्रमाणं पाडव्याची वाट पाहत थंडीच्या मापावर बसलेले. मुख्य कालवा शाबूत होता. चारी फुटली होती.

"पोरी," ते मुक्ताला म्हणाले, "तुझा नकाशा बरोबर हाय. मी चुकलो."

घरमालकानं भाडेकरूच्या मुलीसमोर असं म्हणणं, आणि तेही साहेबांनी, याची मुक्ताला इतकी सवय नव्हती, की तिचं रडणंच थांबलं.

मेमरीचा वेग त्यांनी एका पायरीनं खाली आणला. शिवाय मेमरी एक काम झाल्यावर दुसरं घेण्याआधी जे काही ठोके दम घेते, त्यांत एका ठोक्याची भर घातली. म्हाताऱ्याचा स्वतःचा वेग मात्र पुन्हा होता तिथं चढवला. एवढं करायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मुक्ता चित्रं सुरू करायला हात पुढं करणार, तेवढ्यात त्यांनी तिला थांबवलं. आधी तपासणी. त्यांच्याकडं फ्लॉपीवर मेमरी तपासायचा एक प्रोग्रॅम होता. चूक सापडली की तो पडद्यावर लाल ओळ दाखवी.

"किती वेळ लागेल?" मुक्तानं विचारलं.

"चारला लाइट जाईपतूर."

"अख्खी दुपार? काका, तेवढ्यात कितीतरी चित्रं होतील!"

"आन् ती ठिपक्याची झाली तर? मग रडायला तरी येळ ऱ्हाईल का? दसऱ्याला तपासली तवा थंडी होती. आता ह्या उन्हातच तपासायची. दुपारी पास झाली, तरच पास."

त्या दुपारी साहेब, मुक्ता आणि मी अशी तिघं त्या भट्टीसारख्या खोलीत बसून लाल ओळीची वाट पाहत होतो. ती येऊ नये म्हणून. मध्येच साहेब माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "बाई, तिच्या चित्रातली चूक दिसली तरी. माझ्या गणिताला ठिपके कुठं येत्यात? गेल्या महिन्याभराची समदी गणितं आता फुकट गेली." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "बरं झालं आत्ता कळलं. कुणाला दाखवली न्हवती अजून." आणि खरोखर सुटल्यासारखा श्वास सोडला.

चार वाजले. वीज गेली. लाल ओळ आली नव्हती.

दुपार तर गेलीच होती. साहेबांनी हिशेब मांडला. मेमरी हळू केल्यानं चित्रामागं अगदी थोडासाच वेळ वाढत होता, पण बिघडलेली सगळी पुन्हा काढायची होती. शेवटी एसटी फलाटाला येऊन लागते, तो भाग बसत नव्हता. मुक्तानं तो काढून टाकला. तिला त्याचं फार वाईट वाटलं, कारण तो लाल डबा तिनं पंधरा दिवस खपून बनवला होता. साहेब म्हणाले, "कन्नडला गाडी येळेवर येतच नाय. बराबर हाय."

पाडव्याच्या सकाळी आठाला थोडासाच वेळ असताना शेवटचं चित्र झालं. मुक्तानं ते साठवलं आणि मशीन बंद केलं, आणि पाठोपाठ वीज गेली. आता अकरापर्यंत काहीच पाहता येणार नव्हतं. चित्रं स्वच्छ आहेत की नाहीत, कुणाला ठाऊक. आम्ही गुढी उभारली. कडुलिंब खाल्ला. श्रीखंड केलं होतं, पण अकराच्या आत कुणीही ताटावर बसायला तयार नव्हतं. साहेब गच्चीत येरझाऱ्या घालत होते आणि टाकीला हातही लावत नव्हते.

अकराला वीज आली. सगळेजण खोलीत जमलो. मुक्तानं पहिलं चित्र उघडलं. स्टँडचं फाटक, मागं डोंगर, स्वच्छ आभाळ. आणि बरोबर मध्यावर एक लाल ठिपका.

तिनं दुसरं चित्र उघडलं. ठिपका होता. तिसरं. होता. दहावं, पन्नासावं. सगळ्यांत होता, आणि अगदी त्याच जागी होता. मुक्ता खाली जमिनीवरच बसली. "संपलं," ती म्हणाली. "सगळीच गेली."

साहेब वाकून पडद्याकडं पाहत राहिले. नाकावरचा चष्मा काढला, कपाळावरचा लावला. "दर बारीला त्याच जागी कामून येईल?" ते स्वतःशीच पुटपुटले. मग बोट पुढं करून त्यांनी तो ठिपका पुसला.

ठिपका बोटावर आला.

आम्ही सगळ्यांनी काकूंकडं पाहिलं.

"मला काय बगताय?" काकू म्हणाल्या. "सणाचा दिवस. चार दिस रातध्याड राबलंय ते बिचारं. पूजा झाली, तसं त्येला बी हळदकुंकू लावलं. लाइट न्हवती, काच काळी होती, मधी लावलं. हळद पडली, कुंकू ऱ्हायलं."

तुमचे आजोबा आधी हसले. मग मुक्ता, रडत रडत. साहेब कुंकवाचं बोट तसंच वर धरून उभे होते, आणि त्यांचे खांदे हलायला लागले, तेव्हा मला क्षणभर कळेना की हे हसणं आहे की दुसरं काही. हसणंच होतं. इतकं हसले की खोकला लागला आणि काकूंना त्यांच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. नंतर आम्ही सगळ्यांनी मिळून एकूणएक चित्र पाहिलं. काकूंची एकच तक्रार होती, "ह्यो आपला कन्नडचा स्टँड? कुठं पान खाऊन थुंकलेलं दिसंना." बाकी कुठंही ठिपका नव्हता. श्रीखंड त्या दिवशी आम्ही तीन वाजता खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ता सीडी आणि नकाशांची गुंडाळी घेऊन रिक्षानं गेली. दुपारी तीनच्या सुमारास फाटक वाजलं. मी धावत बाहेर आले. तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. सरांनी फिल्म पाहिली, पूर्ण पाहिली, आणि प्रकल्प पुरा धरून सही केली होती. आता फक्त तोंडी परीक्षा उरली होती आणि तिची तिला भीती नव्हती. ती तिथूनच वर पाहून ओरडणार, "काका!" म्हणून, तेवढ्यात जिन्यावर काकू दिसल्या. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं होतं.

"निजलेत," त्या म्हणाल्या, आवाज न करता. "रिटायर झाल्यापून दुपारचे पैल्यांदा निजलेत. मशीन बंद केलं, पंखा बंद केला, आन् जे आडवे झालेत... झालं का गं तुझं काम?"

मुक्तानं जोरजोरात मान डोलावली.

काकूंनी खाली येऊन तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. तीसुद्धा हळूच. सगळ्या गल्लीला ओरडून सांगावी अशी बातमी होती, आणि आम्ही तिघी जिन्याखाली उभ्या राहून कितीतरी वेळ कुजबुजत होतो.